वृंदातील मुख्य : वाद्यवृंदाच्या अग्रस्थानी बसणाऱ्या व्हायोलिनवादकाविषयी

‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा मराठीतील अर्थ ठरवावयाचा असेल, तर कोश उघडण्यापेक्षा गणेशोत्सवाच्या किंवा यात्रेच्या दिवसांत लातूर-नांदेडच्या एखाद्या पेठेत उभे राहून कान देणे अधिक उपयुक्त ठरेल. आमच्या भागात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे व्यासपीठावरून चित्रपटगीते म्हणून दाखविणारी मंडळी. ‘ऑर्केस्ट्रा कसा झाला?’ या प्रश्नास मिळणारे उत्तर गायकगायिकांच्या आवाजासंबंधी असते. वाजविणारांविषयी क्वचितच कोणी बोलतो. या शब्दाचा प्रवास चमत्कारिक आहे. ग्रीक रंगभूमीवर ती नाचण्याची जागा होती. पुढे युरोपात रंगमंचासमोरील वादकांच्या बैठकीस ते नाव मिळाले, नंतर त्या बैठकीत बसणाऱ्या वादकांस, आणि मराठीत येता येता वादक मागे सरून गायक पुढे आले. अर्थांतर हे भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. परंतु ज्या अर्थांतरात माणसेच नाहीशी होतात, त्याची चौकशी भाषेच्या अभ्यासकाने इतिहासाच्या अंगानेही केली पाहिजे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात अशा नाहीशा झालेल्या एका पदाचा, म्हणजे वाद्यवृंदातील पहिल्या व्हायोलिनवादकाच्या पदाचा, विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो वर्गातील एका प्रश्नामुळे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या एका मैफलीचे चित्रण मी विद्यार्थ्यांना दाखवीत होतो. सर्व वादक आपापल्या जागी बसल्यावर एक व्हायोलिनवादक एकटाच येतो, श्रोते टाळ्या वाजवितात, तो उभा राहून सर्वांची वाद्ये एका स्वरावर आणवितो आणि खाली बसतो. त्यानंतर हातात छडी घेतलेले संचालक येतात व प्रथम याच वादकाशी हस्तांदोलन करतात. हे पाहून अहमदपूरकडील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, समदं ह्यानंच जुळवून ठेवलंय, तर मग तो काडीवाला कशाला लागतो?’ वर्ग हसला. मला मात्र त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी नीट देता आले नाही.

प्रथम या वादकाचे काम पाहू. संचालकाच्या डाव्या हाताला, श्रोत्यांच्या बाजूस, पहिल्या जागेवर तो बसतो. ओबो या वाद्यावरून मिळालेला षड्जासारखा आधारस्वर घेऊन वाद्ये जुळविणे हे त्याचे दिसणारे काम. त्याचे खरे काम तालमीपूर्वीच झालेले असते. तंतुवाद्यांवर गज खाली ओढावयाचा की वर चढवावयाचा, एका ओढीत किती स्वर घ्यावयाचे, गजाच्या टोकाने वाजवावयाचे की मुठीपाशी, हे तो शिसपेन्सिलीने स्वरलेखावर नोंदवितो व मागच्या बाकांवरील वादक ते उतरवून घेतात. तीस-चाळीस गज एकाच दिशेने हलताना दिसतात ते शिस्तीच्या प्रदर्शनासाठी नव्हे. गज ओढताना व चढविताना स्वराचे वजन वेगवेगळे पडते, आणि वाक्याचा आघात कोठे पडावा हे त्यावरून ठरते. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर संहिता रचनाकाराची, अर्थ संचालकाचा आणि उच्चार या वादकाचा. शिवाय रचनेत एकट्या व्हायोलिनचा भाग आला, तर तो यानेच वाजवावयाचा असतो. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेराझाद’ (१८८८) मधील कथा सांगणारे व्हायोलिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

या पदाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. जर्मनांनी त्यास ‘कॉन्झर्टमायस्टर’, म्हणजे मैफलीचा उस्ताद, म्हटले. अमेरिकन इंग्रजीने तोच शब्द उचलून ‘कॉन्सर्टमास्टर’ केला. ब्रिटिश इंग्रजीत तो नुसता ‘लीडर’ असतो. फ्रेंचांनी त्यास पहिले व्हायोलिन म्हणून क्रमांकावर भागविले. इटालियन भाषेत मात्र त्यास ‘स्पाल्ला’, म्हणजे ‘खांदा’, म्हणतात. खांदा देणारा तो मुख्य, ही कल्पना उस्ताद आणि पुढारी या दोहोंहून वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. मराठीत या पदास रूढ शब्दच नाही. ‘कंडक्टर’ म्हणावे तर आमच्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे एस.टी.तील तिकिटांची पेटी उभी राहते. आणि ‘म्होरक्या’ या सुंदर शब्दास आज दंगलखोरांच्या संगतीने बट्टा लागला आहे.

इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, विद्यार्थ्याच्या प्रश्नातील ‘काडीवाला’च उशिरा आलेला आहे. सतराव्या शतकात रोममध्ये कोरेल्ली (१६५३–१७१३) व्हायोलिन वाजवीतच वृंद चालवीत असे, आणि एकाही वादकाचा गज वेगळ्या दिशेने हलला तरी तो वादन थांबवीत असे, अशी आठवण त्याचा शिष्य जेमिनियानी याच्या नावावर सांगितली जाते. पॅरिसमध्ये ल्युली जाड काठी जमिनीवर आपटून ताल देई; १६८७ साली ती काठी पायावर बसून झालेली जखम चिघळली व त्यातच त्याचा अंत झाला. छडीच्या इतिहासाचा आरंभ असा अपशकुनी आहे! अठराव्या शतकाचा बहुतेक काळ वृंदाची धुरा पहिले व्हायोलिन आणि कळफलकाचे वाद्य यांच्यात वाटलेली होती. १७९१ मध्ये लंडनच्या मैफलींत हायडन पियानोपाशी बसत असे. परंतु वृंद पुढे नेत असे तो व्हायोलिन घेतलेला सालोमोन, जो त्या मैफलींचा योजकही होता. पॅरिसच्या संगीतविद्यालयाच्या मैफली १८२८ पासून चालविणारा आबनेक तर हाती छडीऐवजी व्हायोलिनचा गज धरून आणि समोर पहिल्या व्हायोलिनचाच लेख ठेवून बेथोव्हेनच्या सिंफनी उभ्या करीत असे. वृंद मोठा झाला, रचना गुंतागुंतीच्या झाल्या, तेव्हा एका वादकास रांगेतून उठून समोर उभे राहणे भाग पडले, आणि त्याच्या हातातील वाद्य सुटले. मॉस्कोमध्ये १९२२ साली लेव्ह त्सेइतलिन या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने संचालकाविना वाद्यवृंद स्थापन झाला व तो दहा वर्षे चालला. संचालकावाचून वृंद काही काळ तरी चालू शकतो. मुख्य वादकावाचून चालल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

येथवरचा इतिहास युरोपाचा झाला. परंतु रांगेत बसून रांगेचे नेतृत्व करणारा मुख्य, ही कल्पना आपणांस परकी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच लिहिले गेले आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात ‘वृंदा’चे वर्णन आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वांशिक व चार मार्दंगिक असावेत, असे तो सांगतो. संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत ते त्याने दिलेले वृंदाचे सहा गुण. त्यांत पहिला आहे मुख्याचे अनुसरण करणे. दुसरा, आवाजांचे परस्परांत मिसळून जाणे. तालाच्या चालीबरोबर जाणे, तिन्ही सप्तके व्यापण्याचे सामर्थ्य आणि ध्वनीचे सारखेपण हे आणखी तीन. राहिला तो गुण मला सर्वांत मार्मिक वाटतो : एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते सांभाळून नेणे. शास्त्रकार त्यास ‘त्रुटितनिर्वाह’ म्हणतो.

या शब्दाचे भाष्य म्हणून एक अलीकडची घटना सांगण्यासारखी आहे. १९८६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील टँगलवुड येथे बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली त्यांचीच रचना वाजविताना चौदा वर्षांच्या मिदोरी या एकलवादिकेच्या व्हायोलिनची तार तुटली. तिने शेजारच्या मुख्य व्हायोलिनवादकाचे वाद्य घेतले व वादन पुढे चालू ठेवले. त्याही वाद्याची तार तुटली, तेव्हा तिच्या हाती सहमुख्याचे वाद्य आले. रचना खंडित झाली नाही. वाहवा मुलीची झाली आणि ती योग्यच होती. परंतु क्षणार्धात आपले वाद्य पुढे करणे हेही त्या पदाचे कर्तव्य मानले जाते, हे शार्ङ्गदेवास समजावून सांगावे लागले नसते.

आणखी एक आपल्या नित्य पाहण्यातले उदाहरण. वारकऱ्यांच्या दिंडीत पखवाजी असतो, टाळकरी असतात, आणि त्यांच्यामध्ये वीणा घेतलेला विणेकरी असतो. त्याच्या वाद्यातून रागविस्तार होत नाही. आधारस्वर तेवढा झंकारत असतो. तरीही कोणता अभंग धरावयाचा, केव्हा थांबावयाचे, हे विणेकऱ्याकडे पाहून ठरते, आणि लोक पाया पडतात ते त्याच्याच. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकू देत नाहीत. पहारा बदलताना ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आधारस्वर देणारा तोच प्रमुख, हे साम्य डोळ्यांत भरते. यावरून विणेकरी व कॉन्झर्टमायस्टर यांचे काही कुळसंबंध जुळवावेत, असे मात्र मी सुचवीत नाही. आपल्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांनी तसले उद्योग पुष्कळ केले आहेत. एवढेच म्हणावयाचे आहे की, हे पद समजून घेण्याची सामग्री मराठी समाजापाशी होती. मग युरोपीय वाद्यवृंद येथे आला तेव्हा त्याच्या मुख्यास नावही का मिळू नये?

याचे एक कारण ‘साथ’ या शब्दात दडलेले आहे. आपल्या मैफलीत आणि संगीत नाटकात सारंगी किंवा व्हायोलिन हे गायकाच्या मागे जाणारे वाद्य. वाजविणारा तो साथीदार. त्याने पुढे व्हावयाचे नसते. गजाननराव जोशी (१९११–१९८७) आणि वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनी व्हायोलिनला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. परंतु एकलवादक हा पुन्हा गायकाच्याच जागी बसलेला कलावंत होय. साथीदार आणि एकलवादक या दोहोंमध्ये जी तिसरी जागा आहे, म्हणजे बरोबरीच्यांतील पहिला, तिला आपल्या संगीतव्यवहाराच्या भाषेत खण उरला नव्हता. शार्ङ्गदेवाचा ‘मुख्य’ ग्रंथात राहिला होता आणि विणेकरी दिंडीत.

दुसरे कारण मुंबईत घडलेल्या इतिहासात आहे, आणि त्याचा उगम गोव्यात आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून मुलांस गायन, स्वरलेखनवाचन व व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले. ही विद्या घेऊन गोमंतकीय वादक मुंबईस येत, गावकऱ्यांच्या ‘कुडां’त राहत आणि हॉटेले, मूकपट व नंतर बोलपट यांत पोट भरीत. १९३५ साली मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, तेव्हा त्यातही गोमंतकीयांचा भरणा होता. मेहता पहिली दहा वर्षे त्या वृंदाचे मुख्य व्हायोलिनवादक होते व पुढे १९५५ पर्यंत संचालक. १९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात बार्बिरोली यांच्या हाताखाली साहाय्यक मुख्य व्हायोलिनवादक म्हणून पुन्हा रांगेत बसले. स्वतःच्या शहरातील संचालकपद सोडून परक्या शहरात खांदा होण्याचे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. त्यांचे चिरंजीव झुबीन मेहता यांची कीर्ती आपल्याकडे घरोघर पोहोचली. पित्याचे नाव सांगणारे थोडे.

मराठवाड्यातील श्रोत्याने मात्र सिंफनी ऐकली नाही. त्याच्या कानी व्हायोलिनांचा समूह पडला तो हिंदी चित्रपटगीतांतून, आणि या अज्ञात समूहाचा मुख्य हाच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेत एक विलक्षण भाषिक परिस्थिती होती. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती सरगमीत असे, किंवा नुसती त्याच्या गळ्यात. वाजविणाऱ्यांपैकी तंतुवादक बहुधा गोमंतकीय; त्यांना स्टाफ नोटेशनवाचून चाले ना. सतार, सारंगी, तबला वाजविणारे तर कागदाकडे पाहतही नसत. एकाच दालनात एक मौखिक परंपरा आणि एक लिखित परंपरा समोरासमोर बसलेली. तेथे जो अरेंजर म्हणून, साहाय्यक म्हणून वा पहिल्या बाकावरील व्हायोलिनवादक म्हणून काम करी, तो वस्तुतः दुभाषी होता. पाश्चात्त्य वृंदातील मुख्य लिहिलेल्याचा उच्चार ठरवितो. मुंबईच्या मुख्यास आधी ते लिहावे लागे. मिंड पाच रेघांवर कशी दाखवावयाची, गायकीतील आंदोलन चाळीस गजांतून कसे काढावयाचे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. लाहोरहून फाळणीनंतर मुंबईस आलेले सेबॅस्टियन डिसूझा (१९०६–१९९८) यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांस जो व्हायोलिनांचा भरघोस पडदा दिला, तो अशा दुभाष्याचा स्वतंत्र ग्रंथच म्हटला पाहिजे.

या मंडळींत अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण सर्वांत शिकविणारे आहे. गोव्यातील माजोर्डे गावचे हे व्हायोलिनवादक. वडील चर्चमधील गायनमंडळाचे प्रमुख. १९४३ मध्ये नौशाद यांच्या वृंदात ते वादक म्हणून शिरले. दुभाष्याच्या कामात त्यांचे समाधान होईना. रागसंगीतावर आधारलेल्या वृंदरचना त्यांनी स्वतः लिहिल्या, त्यांपैकी एक सारंग रागातील कन्चेर्टो होती. १९५८ साली मोठा भारतीय वृंद जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी त्या सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यात गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले आणि परत आल्यावर गोव्यात जवळजवळ अज्ञातवासात राहिले. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल शर्मा व्हायोलिनच्या रांगेतून उठून संगीतकार झाले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांनी गुरूचे नाव एका गाण्यात गोवले. आमच्या गावांतील वरातीच्या बँडनेही ते गाणे असंख्य वेळा वाजविले असेल. हे नाव एका माणसाचे आहे, आणि तो माणूस व्हायोलिनवादक होता, हे किती जणांस ठाऊक होते?

मराठीच्या घरात याचा जोडीदार शोधावयाचा तर प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांच्याकडे जावे लागते. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची छपन्न गीते माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या नावाने अमर झाली आहेत. त्यांतील व्हायोलिन जोगांचे. पुढे फडके यांच्या प्रयोगांतूनही त्यांनी साथ केली व त्यांचे साहाय्यक म्हणून दीर्घकाळ काम पाहिले. गोमंतकीय मुख्य पाच रेघांचा माणूस होता, जोग स्वरलिपीचे. चाल ऐकता ऐकता ती सरगमीत उतरवून वादकांपुढे ठेवणारे. शिवाय मराठी भावगीताचा शब्द त्यांना कळत होता, आणि हा फरक लहान नाही. ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने त्यांनी पुढे वाद्यातून शब्दोच्चाराचा आभास निर्माण केला, त्याचे मूळ मला या मुख्यपणात दिसते. मराठी वाक्यात आघात कोठे पडतो हे ज्यास ठाऊक आहे, तोच गज कोठे बदलावयाचा ते ठरवू शकतो. ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याने जोगांची ध्वनिमुद्रणे या दृष्टीने मोजून पाहावीत. हा विषय प्रबंधास पुरेल इतका आहे.

नाव न मिळण्याचे दुसरे कारण ते हेच. जेथे मुख्य हा दुभाषी झाला, तेथे दुभाष्याचे भाग्यही त्याच्या वाट्यास आले : बोलणे पोहोचले की बोलविता कोण हे विसरले जाते. तबकड्यांच्या वेष्टनावर चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापली गेली, वादकांची क्वचितच. ध्वनिमुद्रण आटोपल्यावर स्वरलेखांचे कागद फारसे कोणी जपले नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी वृद्ध वादकांच्या मुलाखतींवरून मुंबईच्या चित्रपटवादकांचा इतिहास २००८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. जे काम एका परदेशी अभ्यासकाने वादकांच्या दारी जाऊन केले, ते करण्यास मराठी विद्यापीठांना कोणी अडविले होते? संगीताचा इतिहास आपण घराण्यांचा म्हणून लिहितो. रांगेत बसणाऱ्यांचे घराणे नसते.

पारिभाषिक शब्दापुरते माझे मत नोंदवितो. ‘अग्रवादक’ हा शब्द घडविण्यास सोपा, परंतु त्यात पुढे बसण्यापलीकडे काही सूचित होत नाही. शार्ङ्गदेवाचा ‘मुख्य’ हा शब्द घ्यावा व ‘वृंदमुख्य’ असा समास करावा. तो बरोबरीच्या ‘सम’ वादकांची आठवण ठेवतो, आणि तो या मातीत वापरला गेलेला आहे.

राहिला आमचा ऑर्केस्ट्रा. लातूर-नांदेडच्या व्यासपीठांवर आज व्हायोलिनांची रांग नाही. तिचे काम एक कळफलक करतो, ज्यास कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक ‘कॅसिओ’ म्हणतात. गायक चुकून दुसऱ्या कडव्यावर गेला, तर कॅसिओवाला मान हलवून ढोलकवाल्यास खूण करतो, दोन मात्रा लांबवितो आणि गाणे रुळावर आणतो. गाण्याच्या सुरुवातीचा स्वरही तोच देतो. या वादकांपाशी हाताने लिहिलेल्या वह्या असतात. त्यांत गाण्यांचे मुखडे, पट्ट्या आणि मधल्या तुकड्यांच्या सरगमी उतरविलेल्या असतात, काही देवनागरीत, काही रोमन अक्षरांत, काही स्वतःच्याच खुणांत. मी अशा तीन वह्या पाहिल्या आहेत. तिघांच्याही लेखनपद्धती भिन्न होत्या, आणि तिसऱ्या वहीतील निम्म्या खुणा तिच्या मालकालाही आता लागत नव्हत्या. पदव्युत्तर वर्गाच्या येत्या क्षेत्रकार्यात या वह्यांच्या प्रती घेण्याचे काम हाती घ्यावे आणि प्रत्येक वहीबरोबर ती लिहिणाऱ्याचे तोंडी निवेदन ध्वनिमुद्रित करावे, अशी विभागास सूचना आहे. ज्या विद्यार्थ्याने ‘काडीवाल्या’चा प्रश्न विचारला, त्याच्या चुलत्याकडे चौथी वही असल्याचे त्याने कळविले आहे.